पावलांना पगार : सिंगापूरच्या ८०० नोकरदारांचं प्रकरण

माणसाला चालतं करायचं तर त्याच्या अंगावर पावलं मोजणारं यंत्र अडकवून भागतं, की वर पैसेही मोजावे लागतात? सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस वैद्यकीय महाविद्यालयातले अर्थशास्त्रज्ञ एरिक फिंकलस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली हा प्रश्न नोकरदार माणसांवरच तपासायला घेतला. १३ संस्थांमधले ८०० कर्मचारी, वयं २१ ते ६५, प्रत्येकी एक वर्ष. पैसा सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाचा. २०१६ मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात छापून आले आणि तेव्हापासून फिटनेस बँडची चर्चा निघाली की हे प्रकरण पुढे येतंच.

मी पुण्यातल्या एका कंपनीत एचआरचं काम बघते. दर जानेवारीत कुणी ना कुणी व्हेंडर 'स्टेपॅथॉन'चं, म्हणजे पावलं मोजायच्या स्पर्धेचं, प्रेझेंटेशन घेऊन येतो : बँड आमचे, ॲप आमचं, लीडरबोर्ड आमचा, तुम्ही फक्त बक्षिसांचं बघा. त्यातल्या बक्षिसांच्या ओळीवर फायनान्सवाल्यांचं बोट पहिलं पडतं. त्यांना काय उत्तर द्यायचं हे शोधता शोधता मी सिंगापूरपाशी पोचले. पुढचं टिपण त्याचं आहे.

प्रयोगाची मांडणी

८०० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले, साधारण दोनशे-दोनशेचे. पहिल्याला काहीच नाही, तो तुलनेसाठी. दुसऱ्याला फक्त ट्रॅकर. तिसऱ्याला ट्रॅकर आणि चालण्याबद्दल पैसे, पण ते पैसे धर्मादाय संस्थेला जाणार. चौथ्याला ट्रॅकर आणि रोख रक्कम स्वतःच्या खिशात. आठवड्याला ५०,००० ते ७०,००० पावलं झाली तर १५ सिंगापूर डॉलर, ७०,००० च्या वर गेलं तर ३०. त्या वेळच्या दराने तीस डॉलर म्हणजे चौदाशे-दीड हजार रुपये. दर आठवड्याला एवढे, तेही चालण्याचे. कुणीही मन लावून चालेल. पैशांची मुदत सहा महिने. त्यानंतर पैसे बंद, ट्रॅकर मात्र तुमच्याकडेच, आणि आणखी सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी.

मांडणीतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. हिशोब आठवड्याचा होता. सत्तर हजार म्हणजे रोजचे दहा हजारच, पण बुधवारी ताप आला, गुरुवारी मुलाची परीक्षा निघाली, तर शनिवार-रविवारी भरून काढायची सोय होती. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा रोजच्या आकड्यावर चालतात, वर सलग दिवसांची साखळी. एक दिवस चुकला की साखळी तुटते, आणि साखळी तुटली की बरीच माणसं त्या आठवड्यापुरता नादच सोडून देतात. रात्री पावणेबाराला सोसायटीच्या लॉबीत मनगटाकडे बघत येरझाऱ्या घालणारे सहकारी मी पाहिलेत. आकडा पुरा होतो, झोपेचा मात्र विचका होतो, आणि झोपेचा आकडा सकाळी तोच बँड दाखवतो.

यंत्र होतं फिटबिट झिप. ते मनगटावर बांधायचं नव्हतं. पट्ट्याला किंवा खिशाच्या कडेला चिमटा लावून अडकवायचं, बोटाने टकटक केलं की पावलं, अंतर, कॅलरी असे आकडे एकामागून एक दिसायचे, आणि बऱ्यापैकी चाललेलं असेल तर पडद्यावर एक हसरा चेहरा. आत नाण्याएवढी बॅटरी, चार ते सहा महिने टिकणारी. पैसेही सहाच महिने होते, त्यामुळे बऱ्याच जणांची बॅटरी आणि उमेद एकदमच संपली असणार, असा माझा आपला तर्क.

कमरेवरच्या यंत्राचा एक फायदा असा की हात हलला म्हणून पाऊल मोजलं जात नाही. मनगटावरच्या बँडचं तसं नाही. त्यात तिन्ही दिशांची हालचाल टिपणारा संवेदक असतो आणि ठरावीक लयीत झोका आला की तो त्याला पाऊल समजतो. पोळ्या लाटताना, आरतीला टाळ्या वाजवताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना पावलं वाढतात. उलट दोन्ही हातांत मंडईच्या जड पिशव्या घेऊन चालत घरी आलात तर हात हलत नाहीत, मग खरी झालेली पावलंही गळतात. सुपरमार्केटमधली ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलतानाही तेच. बँडवरचा आकडा कालच्याशी ताडून बघायला ठीक. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी ताडून बक्षीस द्यायला कच्चा.

 संशोधकांनी निकाल फिटबिटवरून काढला नाही. सगळ्यांना, अगदी तुलनेच्या गटालाही, ॲक्टिग्राफ नावाचं संशोधनासाठीचं वेगळं उपकरण घालायला देऊन मोजणी केली. मोजलं काय, तर सलग दहा मिनिटं किंवा जास्त टिकलेली मध्यम ते जोरकस हालचाल : दम लागतो, बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ही सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली, आता जिना चढलात तरी तो जमेस धरतात. प्रयोग त्याआधीचा आहे हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचावेत.

काय झालं

सहा महिन्यांनी रोख पैसेवाला गट पुढे होता. तुलनेच्या गटापेक्षा आठवड्याला २९ मिनिटं जास्त. दानवाला गट २१ मिनिटं. नुसता ट्रॅकर मिळालेला गट १६ मिनिटं, आणि हा फरक तर योगायोगानेही येऊ शकेल इतका लहान. इथे थांबलं असतं तर फायनान्सवाल्यांना मी सांगितलं असतं, पैसे काढा.

बारा महिन्यांनी, म्हणजे पैसे बंद होऊन अर्धं वर्ष उलटल्यावर, क्रम उलटा झाला. नुसत्या ट्रॅकरवाला गट तुलनेच्या गटापेक्षा ३७ मिनिटं पुढे. दानवाला ३२. रोख पैसेवाला १५ वर आला, आणि आता त्याचाच फरक भरवशाचा राहिला नाही. सहा महिने सगळ्यांत जास्त चाललेली माणसं पैसे थांबल्यावर ट्रॅकरवाल्या तिन्ही गटांत सगळ्यांत मागे पडली.

मानसशास्त्रात याची जुनी ओळख आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना सोमा ठोकळ्यांची, म्हणजे तुकडे जुळवून आकार करायची, कोडी सोडवायला दिली. काहींना सोडवल्याबद्दल पैसे दिले. मग पैसे थांबवून बघितलं, तर ज्यांना आधी पैसे मिळाले होते त्यांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांना हात कमी लावला. पैसे येतात तेव्हा माणूस स्वतःशी कारण बदलतो : मला बरं वाटतं म्हणून चालतो, याच्या जागी तीस डॉलर मिळतात म्हणून चालतो. ते तीस डॉलर गेले की आधीचं कारण आपसूक परत येत नाही.

पण हे स्पष्टीकरण फार चटकन पटतं, म्हणून मला त्याबद्दल थोडी शंका आहे. हे सगळे फरक तुलनेच्या गटाशी आहेत. त्या माणसाच्या स्वतःच्या सुरुवातीशी नाहीत. पैसेवाला गट पैसे थांबल्यावर चालायचाच थांबला असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच की पैशाने मिळालेली आघाडी पैशाबरोबर गेली. फायनान्सला सांगायला एवढं पुरेसं आहे.

याहून मला खटकलेली गोष्ट वेगळी. सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के लोकांनी ट्रॅकर लावणं सोडून दिलं होतं. वर्षअखेर तो लावणारे जेमतेम १० टक्के उरले. म्हणजे ज्या गटाने बाराव्या महिन्यात ३७ मिनिटांची आघाडी दाखवली, त्यातल्या बहुतेकांच्या कमरेला तेव्हा ट्रॅकर नव्हताच! तो कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये, संपलेल्या बॅटरीसकट पडलेला. मग आघाडी कशाची? मला वाटतं, काही आठवडे आकडा बघितल्यावर माणसाला आपल्या दिवसाचा अंदाज येतो. घर ते स्टेशन किती, जेवणानंतर चक्कर मारली की किती वाढतात, मीटिंगच्या दिवशी किती घसरतात. तो अंदाज एकदा बसला की यंत्राची गरज उरत नाही. हे माझं वाचन आहे, संशोधकांचं नव्हे. ते खरं असेल तर 'बँड वापरणं सोडलं' हे प्रत्येक वेळी अपयश मानायचं कारण नाही. आमचे व्हेंडर मात्र ॲप उघडणाऱ्यांच्या टक्केवारीलाच यश म्हणतात.

आता या मिनिटांची किंमत. आठवड्याला २९ मिनिटं म्हणजे दिवसाला चार. ३७ म्हणजे पाचाच्या थोडं वर. आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, त्याचा हा पाचवा-चौथा हिस्सा. वजन, रक्तदाब आणि आरोग्याच्या ज्या इतर गोष्टी तपासल्या त्यांत सहाव्या महिन्यालाही फरक दिसला नाही आणि बाराव्यालाही नाही. कुठल्याच गटात नाही, पैसे घेऊनही नाही. संशोधकांनी या उपकरणांच्या आरोग्यातल्या उपयोगावरच प्रश्नचिन्ह ठेवलं ते यामुळे.

२०१६ मध्येच अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका मोठ्या प्रयोगाचाही निकाल आला. १८ ते ३५ वयाची, वजन जास्त असलेली माणसं, दोन वर्षं. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन; सहा महिन्यांनंतर एका गटाला दंडावर बांधायचा ट्रॅकर, दुसऱ्याने स्वतःच्या नोंदी ठेवायच्या. ट्रॅकरवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९. यावर 'आज दहा हजार झाले, मग एक बटाटेवडा चालेल' हे कारण लोक ताबडतोब देतात. असेल, नसेलही, प्रयोगाने ते सिद्ध केलेलं नाही.

दहा हजार कुठून आले

सिंगापूरच्या प्रयोगानेही वरची पायरी दिवसाला दहा हजाराशी बांधली होती आणि आजही बऱ्याच बँडमध्ये पाकीट फोडल्यावर तोच आकडा असतो. हा आकडा जपानचा. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा कंपनीने 'मानपो-केई' नावाचा पावलं मोजणारा मीटर विकायला काढला, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. कुठल्या वैद्यकीय मोजणीतून तो निघाला नव्हता.

मोजण्या नंतर झाल्या. संशोधिका आय-मिन ली यांच्या २०१९ च्या अभ्यासात १६,७४१ वयस्कर अमेरिकन स्त्रिया होत्या, सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होता, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची चढण संपून सपाटी लागली. २०२२ मध्ये १५ अभ्यासांतल्या ४७,४७१ प्रौढांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा साठीच्या वरच्यांसाठी ही सपाटी सहा ते आठ हजारांत आली, साठीच्या आतल्यांसाठी आठ ते दहा हजारांत. दिवसभर खुर्चीत बसून तीन हजारांवर असलेल्या माणसाला दहा हजार दाखवणं म्हणजे त्याला रोज नापास करणं. त्याला साडेचार हजार द्यावेत, महिनाभराने साडेपाच. आमच्याकडच्या ॲपमध्ये हे लक्ष्य बदलायची सोय असते, सेटिंग्जमध्ये चार बोटं आत. ती उघडून दाखवली की माणसं चकित होतात.

सिंगापूर तिथे थांबलं नाही

गंमत म्हणजे हा निकाल छापून यायच्या आधीच, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, सिंगापूरच्या आरोग्य संवर्धन मंडळाने 'नॅशनल स्टेप्स चॅलेंज' सुरू केलं होतं. ट्रॅकर फुकट, चाललात तर गुण, गुणांचे किराणा दुकानात चालणारे व्हाउचर. पहिल्याच हंगामात १,५६,००० लोक सामील झाले. पुढे २०१९ मध्ये फिटबिटबरोबर करार झाला : महिन्याला दहा डॉलरची मार्गदर्शनाची वर्गणी वर्षभर भरा, ट्रॅकर फुकट. २०२० मध्ये ॲपलबरोबर 'लुमीहेल्थ' आलं, दोन वर्षांत ३८० डॉलरपर्यंतची बक्षिसं.

प्रयोग सांगत होता की पैसे थांबले की आघाडी जाते. सरकारने त्याचं उत्तर एका परीने सरळ दिलं : मग थांबवूच नका, दर हंगामात नव्याने द्या. सरकारी तिजोरीला ते परवडू शकतं, कारण मधुमेहावरच्या खर्चातला वाटाही त्याच तिजोरीतून जातो. कंपनीचं तसं नाही. आमच्याकडे माणूस सरासरी काही वर्षांत नोकरी बदलतो. त्याच्या पन्नाशीतल्या साखरेचा फायदा-तोटा आमच्या ताळेबंदात येतच नाही.

दुसरा फरक रस्त्याचा, आणि तो मला बक्षिसांपेक्षा मोठा वाटतो. त्याच सुमारास सिंगापूरने मेट्रो स्टेशनांच्या ४०० मीटरच्या टापूत छत असलेल्या पायवाटा बांधायचा कार्यक्रम हाती घेतला होता. तिथलं ऊन आणि पाऊस बघता छत म्हणजे चैन नव्हे. आमच्या ऑफिसच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत फुटपाथ आहे, पण त्यावर एक ट्रान्सफॉर्मर, दोन टपऱ्या आणि उरलेल्या जागेत दुचाक्या. बाई माणूस संध्याकाळी सातनंतर तिथून चालत जायला तयार होत नाही, कॅब बोलावते. तिच्या मनगटावर कितीही महागाचा बँड बांधा.

आमच्या स्पर्धेत जे दिसलं

आमच्याकडच्या शेवटच्या स्टेपॅथॉनमध्ये पहिलं बक्षीस स्मार्टवॉच होतं. दुसऱ्याच आठवड्यात एका साहेबांचा बँड ऑफिसबॉयच्या मनगटावर सापडला. चौकशी झाली, हसण्यावारी गेली. मला मात्र त्या प्रसंगात एक उघड गोष्ट दिसली. इमारतीत सगळ्यांत जास्त चालतात ते ऑफिसबॉय, हाऊसकीपिंगच्या मावशी आणि फेऱ्या मारणारे सिक्युरिटीवाले. ते सगळे कंत्राटदाराच्या पगारावर. त्यामुळे स्पर्धेत त्यांचं नावच नव्हतं. ज्यांची पावलं आधीच बारा-पंधरा हजारांच्या घरात जात असतील त्यांना काही नाही, आणि दिवसभर एसीत बसणाऱ्याने त्यांच्याकडून उसनी घेतलेल्या पावलांवर घड्याळ. यावर कोणीतरी सुचवलं, मावशींनाही बँड द्या. मी नको म्हटलं. त्यांना पावलं वाढवायची गरज नाही; त्यांना खाली बसायला खुर्ची हवी आहे. ती मागणी वेगळ्या फाइलवर चालू आहे.

सिंगापूरच्या प्रकरणावरून या वर्षीच्या मसुद्यात काही गोष्टी बदलल्या. बँड विकत घेणार नाही. फोन खिशात असला की पावलं तोही मोजतो, आणि अंदाज बसवायला तेवढं पुरतं. लक्ष्य आठवड्याचं, आणि ज्याचं त्याच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या सरासरीवरून. लीडरबोर्ड नाही. रोख बक्षीस नाही. दानाचा पर्याय ठेवला आहे, कारण सिंगापुरात तो गट दोन्ही वेळा टिकून राहिला आणि फायनान्सला तो सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या, खात्यात बघता येतो का हे तपासायचं आहे. फायनान्सवाले खूश आहेत. स्पर्धा म्हटली की अंगात येतं अशी आमची सेल्सची मंडळी नाराज आहेत, त्यांचं म्हणणं लीडरबोर्ड नाही तर मजा काय. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. काही माणसं खरोखरच शर्यतीशिवाय हलत नाहीत. त्यांनी आपला व्हॉट्सॲप ग्रुप काढावा.

अडकलंय ते माहितीच्या कलमावर. सिंगापूरच्या ८०० जणांना कोण काय मोजणार हे सही करण्याआधी माहीत होतं. ऑफिसच्या ॲपमध्ये मात्र पावलांबरोबर झोप, हृदयाचे ठोके, बाईची पाळी, घरून निघायची वेळ, सगळं एका परवानगीत जातं. विमा नियामकाने २०२० मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना अशा 'वेलनेस' सवलतींची चौकट घालून दिल्यापासून काही पॉलिसींत पावलांवर गुण मिळतात, आणि आमचा व्हेंडर तेच ॲप विमा कंपनीलाही जोडून देतो म्हणतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी आणि नेमक्या कामापुरती असली पाहिजे असं आहे. बॉसने पाठवलेल्या लिंकवर दिलेली संमती किती मोकळी, हा वकिलाचा प्रश्न. आम्ही मसुद्यात लिहिलंय : एचआरला फक्त विभागाची बेरीज दिसेल, माणसाचा आकडा दिसणार नाही, पावलांखेरीज काही घेतलं जाणार नाही, आणि नोकरी सोडली की नोंदी पुसल्या जातील. व्हेंडरने बाकी सगळं मान्य केलं, किंमतही कमी केली. या कलमावर मात्र 'वर विचारून सांगतो' म्हणून गेलाय, आणि तोवर स्टेपॅथॉनची तारीख मी रिकामी ठेवली आहे.